गाठीतला तपकिरी रंग कुठून येतो?

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती काढलीय, बाकी भाषा होती तशीच ठेवलीय.)

आज एका कागदापासून सुरुवात करू. कागदावर साधारण असं लिहिलेलं असतं: ईआर पॉझिटिव्ह, स्कोअर ७/८. पीआर पॉझिटिव्ह. हर-टू २+, फिश चाचणी करावी. घरात आईला, मावशीला किंवा आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर हा कागद तुमच्या मोबाईलमध्ये फोटो होऊन पडलेला असेल. फॅमिली ग्रुपवर तो टाकला, की पहिला मेसेज येतो, ‘पॉझिटिव्ह आलंय? अरे देवा.’

थांबा. कोविडनं आपल्याला ‘पॉझिटिव्ह म्हणजे वाईट’ असं शिकवून ठेवलंय, पण या कागदावर ते गणित चालत नाही. कॅन्सर आहे हे आधीच्या रिपोर्टनं सांगितलेलं असतं. हा दुसरा रिपोर्ट वेगळंच काहीतरी सांगतोय: या गाठीच्या पेशींवर कुठल्या खुणा आहेत, आणि त्यामुळे कुठलं औषध लागू पडेल. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे ही गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जातेय, आणि ते हार्मोन अडवणारी गोळी तिच्यावर चालण्याची शक्यता चांगली आहे. टॅमॉक्सिफेन हे त्यातलं सगळ्यात जुनं नाव. अनेक वर्षं रोज घ्यायची, तुलनेनं स्वस्त गोळी. म्हणजे इथे पॉझिटिव्ह आलं तर उपचाराचा एक जास्तीचा रस्ता उघडतो.

हा कागद तयार होतो एका रंगावरून. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर मायक्रोस्कोपमध्ये बघतात, तपकिरी दिसलं तर पॉझिटिव्ह, नुसतं निळं दिसलं तर निगेटिव्ह. एवढंच? हो आणि नाही. आजचा सगळा भाग या तपकिरी रंगाबद्दल आहे. चाचणीचं पूर्ण नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. लॅबमध्ये कुणी एवढं लांब बोलत नाही, आयएचसी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आधी थोडं मागे जाऊ. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ला. तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा मराठी माणूस, पण शाळेच्या पुस्तकात मला तरी ते कधी भेटले नाहीत. त्यांच्या काळात गाठ ओळखायची म्हणजे तिचा पातळ काप काढायचा, तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत बुडवायचा आणि आकार बघायचा. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. आजही पहिली स्लाइड हीच असते. अनुभवी डोळा त्यावरून खूप काही सांगतो. पण या रंगांना एक मर्यादा आहे. ते पेशीचा आकार दाखवतात. पेशीच्या अंगावर अमुक एक प्रथिन आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. दोन गाठी दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असू शकतात, आणि एकीवर गोळी चालते, दुसरीवर चालत नाही.

गंमत म्हणजे त्याच १९४१ साली, तिकडे अमेरिकेत, हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स नावाच्या डॉक्टरनं एक वेगळीच कल्पना करून पाहिली. आपल्या शरीरात जंतू शिरला, की त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात, अँटिबॉडी. प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो अँटिजेन, मराठीत प्रतिजन. एक प्रतिपिंड एकाच खुणेला चिकटतं, शेजारच्याकडे ढुंकून बघत नाही. कून्सनं विचार केला, या प्रतिपिंडालाच चमकणारा रंग जोडला तर? मग ते जिथे चिकटेल तिथे उजेड पडेल. पडला. न्यूमोनियाचे जंतू असे चमकताना दिसले.

पण चमक बघायला खास मायक्रोस्कोप लागतो, अंधारी खोली लागते, आणि ती चमक काही दिवसांत विझते. साध्या लॅबमधल्या साध्या मायक्रोस्कोपवर दिसेल आणि वर्षानुवर्षं टिकेल असा रंग हवा होता. तो मिळायला १९६६ उजाडलं. नाकाने आणि पिअर्स या दोघांनी प्रतिपिंडाला थेट रंग जोडण्याऐवजी एक एन्झाइम जोडलं. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, स्वतः न संपता एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा करणारं प्रथिन. हा कामगार जिथे उभा राहील तिथे तो बिनरंगी द्रवातून रंग बनवत बसेल. एका प्रतिपिंडाला रंगाचा एक कण जोडला तर एकच कण दिसणार. पण कामगार जोडला तर तो हजारो कण बनवतो. सगळी जादू या एका युक्तीत आहे.

हे एन्झाइम येतं हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळापासून. मोहरी आणि मुळ्याच्या कुळातलं युरोपी झाड आहे ते. इंग्रज भारतात आले तेव्हा त्यांना ते मूळ इथे मिळेना, म्हणून ते शेवग्याची मुळं किसून खायचे. त्यावरून इंग्रजीत शेवग्याला अजून ‘हॉर्सरॅडिशचं झाड’ म्हणतात. पण गोंधळ नको, लॅबमधलं पेरॉक्सिडेज शेवग्यातून येत नाही. तुमच्या आमटीतल्या शेंगांचा यात काही हात नाही.

आता मुख्य प्रश्न. कामगारानं बनवलेला रंग जागच्या जागी का राहतो? पाण्यात रंगाचा थेंब टाकला की तो पसरतो ना? मग स्लाइडवर सगळीकडे तपकिरी व्हायला हवं.

याचं उत्तर उल्हासनगरच्या माणसाला बाकी कुणाहीपेक्षा लवकर समजेल. कॅम्प चार, कॅम्प पाचच्या गल्ल्यांमध्ये जीन्स शिवून वाढलेलं शहर आहे हे. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो, आपली नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. न विरघळणारा रंग सुताच्या आत शिरणार कसा? म्हणून रंगवणारे आधी निळीला रसायन घालून विरघळवतात. तेव्हा ती निळी राहत नाही, पिवळसर हिरवी होते. सूत त्या हौदात बुडवायचं, बाहेर काढायचं, हवा लागू द्यायची. हवेतला ऑक्सिजन लागला की डोळ्यांदेखत हिरवं सूत निळं होतं, आणि रंग पुन्हा न विरघळणारा होऊन सुतावरच अडकतो. येताना विरघळलेला, पोहोचल्यावर न विरघळणारा. यालाच म्हणतात ‘जागेवर बसणारा रंग’.

आयएचसीचा रंग अगदी हेच करतो. बाटलीतलं द्रव जवळजवळ बिनरंगी असतं, त्यातला पदार्थ विरघळलेला असतो. स्लाइडवर ओतलं की ते सगळीकडे पसरतं. पण जिथे एन्झाइम उभं आहे तिथेच त्याचं रूप बदलतं, ते रंगीत आणि न विरघळणारं होतं आणि तिथल्या तिथे गाळासारखं बसतं. बाकी ठिकाणचं धुऊन जातं. अशा बिनरंगी कच्च्या मालाला क्रोमोजेन म्हणतात. क्रोम म्हणजे रंग, जेन म्हणजे जन्म देणारा.

सगळ्यात जास्त चालणारा क्रोमोजेन म्हणजे डायअमिनोबेन्झिडिन, लॅबमध्ये डीएबी. पेरॉक्सिडेज एन्झाइम, थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीएबी एकत्र आले की पाच-दहा मिनिटांत तपकिरी गाळ. हा गाळ अल्कोहोलमध्ये जात नाही, झायलीनमध्ये जात नाही. स्लाइड कायमची बंद करून कपाटात ठेवली तर वर्षांनंतरही तोच तपकिरी. म्हणून डॉक्टरांना तो आवडतो. दुसरा एक आहे एईसी, लालसर रंग देणारा. दिसतो सुंदर, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे स्लाइड पाण्याधारित गोंदानं बंद करावी लागते आणि ती तेवढी टिकत नाही. मग लाल वापरायचाच कशाला? कारण त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, मेलॅनोमामध्ये, पेशीतच मेलॅनिनचा तपकिरी रंग असतो. तपकिरीवर तपकिरी कसं ओळखणार? तिथे लालच बरा.

आणि तिसरा ऐका. बीसीआयपी नावाचा एक क्रोमोजेन आहे, अल्कलाइन फॉस्फटेज या दुसऱ्या एन्झाइमबरोबर वापरतात. एन्झाइमनं त्याचा एक तुकडा काढला की उरलेले रेणू जोडीजोडीनं एकत्र येतात आणि तयार होते... नीळ. खरोखरची इंडिगोच्या घराण्यातली नीळ, फक्त अंगावर ब्रोमिन आणि क्लोरिन चढवलेली. त्याच्यासोबत एनबीटी नावाचं दुसरं रसायन घालतात, मग गडद निळा-जांभळा रंग येतो. म्हणजे जीन्सची तुलना मी नुसती उदाहरणासाठी ओढून आणलेली नाही. ते एकाच घराण्यातलं रसायन आहे.

रंगाच्या घराण्याचा विषय निघालाच आहे तर डीएबीच्या कुळाबद्दलही बोलू, कारण अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात काम करणारे, आणि डीएमएलटी करून लॅबमध्ये लागलेले, असे दोन्ही प्रकारचे श्रोते इकडे असतात. डीएबी बेन्झिडिनच्या नात्यातला आहे. बेन्झिडिन हा कापडरंगांचा जुना कच्चा माल, आणि त्यानं मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. बेन्झिडिनवर आधारलेल्या रंगांवर भारतात १९९०च्या दशकात बंदी आली. डीएबीचा धोका तितका पक्का मोजलेला नाही, पण संशय आहे, म्हणून लॅबमध्ये ग्लोव्हज घालूनच हाताळायचा आणि वापरलेलं द्रव बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळं जमा करायचं. कॅन्सर शोधायच्या रसायनावरच कॅन्सरचा संशय, हा विरोधाभास आहे खरा. आणि रंगाचं सांडपाणी गटारात सोडलं की काय होतं, हे वालधुनीच्या काठावर राहणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

आता स्लाइड तयार होते कशी ते थोडक्यात. गाठीतून सुईनं तुकडा काढतात, बायोप्सी. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवतात. मेणाची ती छोटी वडी म्हणजे ब्लॉक. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. कागदाचं एक पान साधारण शंभर मायक्रॉन धरा, म्हणजे पानाच्या जाडीत असे पंचवीसेक काप बसतील.

फॉर्मॅलिन एक चांगलं काम करतं आणि एक घोळ घालतं. ते पेशींना सडण्यापासून वाचवतं, कारण प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं. पण त्या बांधाबांधीत आपल्याला हव्या असलेल्या खुणाही झाकल्या जातात आणि प्रतिपिंडाला त्या सापडत नाहीत. कित्येक वर्षं यामुळे आयएचसी अर्धवटच चालायची. १९९१ साली शी नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काप द्रवात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर झाकलेल्या खुणा पुन्हा उघड्या पडतात. तेव्हापासून चित्र पालटलं. आज मोठ्या लॅबमध्ये हे काम मशीन करतं, पण प्रेशर कुकर वापरणाऱ्या लॅबही भरपूर आहेत. होय, शिट्टीचा तोच कुकर. फक्त आत डाळीऐवजी सायट्रेटचं द्रव आणि काचेच्या स्लाइड.

मग एक पायरी येते जी वगळली तर सगळं फसतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही पेरॉक्सिडेजसारखं वागतात. डीएबी ओतला की त्याही तपकिरी होणार, खूण असो वा नसो. म्हणून आधी स्लाइडवर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्यांची ताकद संपवून टाकतात. त्यानंतर पहिलं प्रतिपिंड, जे ईआर किंवा हर-टू ओळखतं. ते बहुतेकदा सशाचं किंवा उंदराचं असतं. मग दुसरं, जे पहिल्याला ओळखतं आणि ज्याच्या अंगावर एन्झाइमची झुंबड असते. मग डीएबी. शेवटी हिमॅटॉक्सिलिनचा हलका निळा हात, म्हणजे तपकिरीच्या मागे पेशींचा नकाशा दिसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तपकिरी रंग म्हणजे ईआर नव्हे. तपकिरी रंग म्हणजे निरोप. खुणेनं पहिल्या प्रतिपिंडाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्याबरोबरच्या एन्झाइमनं डीएबीला, आणि डीएबीनं डॉक्टरांच्या डोळ्याला. चार जणांच्या तोंडून आलेला निरोप. मधल्या कुणीही गडबड केली तरी शेवटी रंग येतो किंवा येत नाही, आणि नुसता रंग बघून गडबड झाली हे कळत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला रंग कुठे आहे हेही बघावं लागतं. ईआर केंद्रकात असतो, तर तपकिरी केंद्रकातच हवं. हर-टू पेशीच्या कडेला असतं, तर तपकिरी कुंपणासारखं पेशीभोवती हवं. ईआर मागितला आणि रंग केंद्रकाबाहेर सगळीकडे पसरलाय, तर तो रंग खोटा. आजच्या नियमानं एक टक्का केंद्रकं जरी तपकिरी झाली तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांच्या मधलं ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणून वेगळं लिहितात, कारण तिथे गोळीचा उपयोग किती होईल याबद्दलचा पुरावा कमी आहे. हर-टूला शून्य, १+, २+, ३+ असे दर्जे. ३+ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती पूर्ण, गडद कुंपण. अशा रुग्णाला ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन देता येतं, १९९८पासूनचं औषध, ज्यानं या प्रकारच्या कॅन्सरचं भवितव्यच बदललं. २+ म्हणजे कुंपण आहे पण फिकं. तिथे रंगावर विसंबत नाहीत, फिश नावाच्या चाचणीनं थेट जनुकांची संख्या मोजतात. सुरुवातीच्या कागदावर ‘फिश करावी’ लिहिलंय ते यासाठी. डॉक्टर पैसे काढतायत असं वाटून ती टाळणारी कुटुंबं असतात. २+ला फिश टाळणं म्हणजे अर्धं उत्तर घेऊन घरी जाणं.

आता निरोप चुकला तर काय होतं? कॅनडात न्यूफाउंडलंड नावाचा प्रांत आहे. तिथे १९९७ ते २००५ या काळात झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या हार्मोन चाचण्यांवर शंका आली. जुने ब्लॉक बाहेर काढले, टोरंटोला पाठवले, पुन्हा तपासले. जवळजवळ चारशे बायकांचे रिपोर्ट चुकीचे निघाले. निगेटिव्ह म्हणून कळवलेल्या कितीतरी जणी खरं तर पॉझिटिव्ह होत्या. म्हणजे जी गोळी त्यांना मिळायला हवी होती ती मिळालीच नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणी तोपर्यंत गेल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००९मध्ये आला. त्यात खलनायक कुणी एक माणूस नव्हता. टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये नीट न मुरणं, बरोबर चाललंय का हे रोजच्या रोज न तपासणं, शिकलेली माणसं सोडून जाणं, असं सगळं साचत गेलं होतं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात टोचतं ते हे, की खोटं निगेटिव्ह दिसायला अगदी स्वच्छ असतं. सुंदर निळी स्लाइड. कुठेही डाग नाही. बिघडल्यासारखं काहीच दिसत नाही.

यावर लॅबचा उपाय म्हणजे कंट्रोल. रुग्णाच्या कापाबरोबर असा एक काप लावायचा ज्यात ईआर नक्की आहे, उदाहरणार्थ गर्भाशयाचा. तो तपकिरी झालाच पाहिजे. दुसरा काप पहिलं प्रतिपिंड न घालता लावायचा. तो तपकिरी होता कामा नये. आणि एक घरचाच साक्षीदार असतो: गाठीच्या शेजारच्या निरोगी दुग्धनलिका. त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच. गाठ निळी आणि शेजारची निरोगी नलिकाही पूर्ण निळी दिसली, तर शहाणा पॅथॉलॉजिस्ट निगेटिव्ह लिहीत नाही. तो म्हणतो, चाचणी पुन्हा करा.

पण कंट्रोल लॅबमधल्या चुका पकडतो. लॅबच्या दारात येण्याआधी टिश्यूचं जे झालं ते तो पकडेलच असं नाही. आणि आपल्या भागातला खरा धोका मला तिथेच वाटतो. विचार करा. बदलापूर किंवा अंबरनाथमधलं छोटं नर्सिंग होम. शनिवारी संध्याकाळी गाठ काढली. फॉर्मॅलिन संपलंय, म्हणून सलाइनच्या बाटलीत ठेवली. किंवा फॉर्मॅलिन आहे, पण एवढ्याशा डबीत मोठी गाठ कोंबलीय. सोमवारी कुणीतरी ती घेऊन लॅबमध्ये जाणार. तोपर्यंत आतली प्रथिनं मोडायला लागलेली असतात. ईआर अशा वेळी हळूहळू नाहीसा होतो. मग परळला कितीही भारी मशीन असो, जे उरलंच नाही ते रंगणार कसं?

नियम साधा आहे. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी. फॉर्मॅलिन दहा टक्क्यांचं, न्यूट्रल बफर्ड, आणि गाठीच्या निदान दहा पट. त्यात ती कमीत कमी सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहावी. आणि मोठी गाठ असेल तर तिला चिरा द्यायला हव्यात. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. अख्खी कैरी मिठात टाकून लोणचं होत नाही, फोडी कराव्या लागतात. तसंच आहे हे.

‘हे सगळं डॉक्टरांचं काम, आम्ही काय करणार?’ असं म्हणाल. पण आपल्याकडे ही बाटली बऱ्याचदा नातेवाईकच नेतात. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सिस्टर हातात डबी देतात, ‘लॅबला देऊन या.’ ती डबी तुमच्याच हातात येणार आहे, कारण घरात धावपळ करणारे तुम्हीच. तेव्हा विचारा, ‘सिस्टर, हे फॉर्मॅलिनमध्येच आहे ना? गाठ किती वाजता काढली ते फॉर्मवर लिहिलंय का?’ उद्धटपणा नाही यात. नीट विचारलं तर कुणी रागावत नाही. डबी उघडू नका, वास घेऊ नका, घरी फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि उद्यावर ढकलू नका.

दुसरं, ब्लॉक. मघाशी म्हटलं होतं लक्षात ठेवा. टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला पहिल्यांदा गेलात की ते बाहेरच्या लॅबचे नुसते रिपोर्ट मानत नाहीत. स्लाइड आणि ब्लॉक मागतात, स्वतः पुन्हा बघतात. अनेक घरं इथे अडकतात. पहाटेची बदलापूर लोकल पकडून, आईला गर्दीतून सांभाळत परळला पोहोचायचं, आणि काउंटरवर कळतं, ब्लॉक आणला नाही. म्हणून पहिला रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी लॅबला सांगा, स्लाइड आणि ब्लॉक हवेत. रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या सहीवर ते मिळतात. नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतोय का बघा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

ब्लॉक मेणाचा आहे हे विसरू नका. मे महिन्यात बाईकच्या डिकीत, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची वस्तू नाही ती. छोट्या प्लास्टिक डबीत, कागदात गुंडाळून, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. स्लाइडला स्लाइडचीच पेटी मागा, वर्तमानपत्रात बांधलेल्या स्लाइड दादरच्या पुलावर फुटतात. तपासणी झाली की ब्लॉक परत मागायचा आणि घरी सावलीच्या जागी ठेवायचा. वर्षांनी आजार उलटला, नवं औषध आलं, वेगळी खूण बघायची झाली, तर हाच ब्लॉक पुन्हा कापतात. २०२२मध्ये असंच झालं. हर-टू १+ किंवा फिशमध्ये निगेटिव्ह निघालेलं २+, म्हणजे तोपर्यंत सरळ निगेटिव्ह धरले जाणारे दर्जे. आजार पसरलेल्या अशा रुग्णांतही ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन हे नवं औषध उपयोगी पडतं, असं मोठ्या चाचणीत दिसलं. औषध फार महाग आहे, ते वेगळं. पण जुन्या स्लाइडवरचं ते फिकं कुंपण, ज्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, ते डॉक्टर आता पुन्हा काढून बघतात.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. रिपोर्टचा फोटो पाठवणार असाल तर आधी नाव आणि नंबर झाका. आणि उपचाराचा निर्णय मला विचारू नका, तो तुमच्या डॉक्टरांना विचारा. कागदावरचा शब्द समजला नाही तर मात्र जरूर विचारा.